आयर्न एमूचा चौथा गडी

आमच्या बेटांवर पोर जन्माला घालायचं काम आईबापाचं आणि त्याला नाव द्यायचं काम आत्याचं. यात बापाला कुणी विचारत नाही, आईला तर नाहीच नाही. आत्या म्हणेल ते नाव आणि तेही तिच्या सवडीने. तोवर पोर आपलं 'ए' म्हणून हाक मारून घेतं. आत्या शहाणी असली तर बायबलातलं एखादं नाव, नाहीतर आजोबांचं, फार तर त्या दिवशी बंदराला लागलेल्या बोटीचं नाव ठेवून मोकळी होते. पण फेलेतीच्या पोरांची आत्या होती तोआकासे, आणि तोआकासे ऑकलंडहून परत आली होती.

ऑकलंडला ती मासळीच्या कारखान्यात कामाला होती. तिथून परतणारे सगळे आणतात तशी तिनेही पिंपं भरभरून कपडे, साबण आणि डबाबंद मांस आणलं. पण तिचा खरा ऐवज म्हणजे एक टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. एकच. 'आयर्न एमू' या ऑस्ट्रेलियन बँडची.

आयर्न एमू कोण हे विचारणाऱ्याशी मी बोलत नाही. त्या काळी सिडनीपासून सुवापर्यंत जो तो त्यांचाच होता. हात कोपरात वाकवून वर धरायचा, बोटांची चोच करायची आणि मनगट पुढेमागे हलवायचं, ही 'एमूची मान' कुणी केली नाही असा माणूस दाखवा. आमच्या गावात तर ती अजून चालते. रग्बीत आमच्या पोरांनी गुण घेतला की मैदानाकडेच्या सगळ्या आज्या माना उभारतात. चर्चच्या वार्षिक वर्गणीसाठी नाचणाऱ्या बायकाही नाचताना तेच करतात, आणि आमचे पाद्री आशीर्वाद द्यायला हात उचलतात तेव्हा त्यांची बोटं आपसूक मिटून चोच होते. त्यांना ते माहीत नाही. कुणी सांगायचं?

तर कॅसेट. तिच्या कव्हरावर चौघांचा फोटो होता. चौघेही एका ट्रकला टेकलेले, केस खांद्यापर्यंत, चेहरे असे की आत्ताच कुणी त्यांचं डुक्कर चोरून नेलंय. प्रत्येकाच्या पायाखाली नाव छापलेलं: डग, क्लाइव्ह, बॅरी. चौथ्याच्या हातात ड्रमच्या काठ्या होत्या, पण त्याच्या पायाखाली दुकानवाल्याने आपलं लेबल डकवलेलं. तोआकासेने ते नखाने खरवडून काढलं, तर लेबलाबरोबर त्या बिचाऱ्याचं नावही निघून आलं. उरला तो शेजारचा एक शब्द, ठळक अक्षरांत: स्टीरिओ.

बाईने नीट विचार केला. आडनाव म्हणावं, तर बाकीच्या तिघांना आडनाव नाही, मग यालाच कुठून आलं? शिवाय अक्षर सगळ्यांत मोठं, म्हणजे माणूसही सगळ्यांत मोठा असणार. झालं, ठरलं.

भावाला, म्हणजे फेलेतीला, पहिला मुलगा झाला, त्याचं नाव पडलं ताकी. हे डगचं आमच्या जिभेवर झालेलं रूप, कारण ड आणि ग आम्हाला झेपत नाहीत. दुसरा कालाइवे, म्हणजे क्लाइव्ह. तिसरा पेली, म्हणजे बॅरी. तिसऱ्यानंतर भावजय लोसाली हात जोडून पुरे म्हणाली, तर नणंदेने तिला शांतपणे विचारलं की बँड असा अपुरा ठेवायचा का. नणंदेपुढे आमच्याकडे कुणाची टाप आहे? चौथा झाला. त्याच्या बाप्तिस्म्याला पाद्रींनी विचारलं की सितेलिओ हे नाव बायबलात कुठे आहे. तोआकासे म्हणाली, "अजून आलेलं नाही." पाद्रींनी मुकाट्याने पाणी शिंपडलं.

म्हणजे आमच्या सितेलिओचं नाव आत्याने ठेवलं, आणि जगाने पुढे नुसती नावं ठेवली. पण ते पुढचं.

आता त्या टेपरेकॉर्डरचं ऐका. बोटीत आपटला म्हणून म्हणा की आमच्या खाऱ्या हवेने म्हणा, त्याच्या आतला पट्टा सैल पडला होता. कॅसेट सावकाश फिरायची. फार सावकाश. जगाने ज्या डगला मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळताना ऐकलं, तोच डग आमच्या गावात पोटभर जेवून उठलेल्या म्हाताऱ्या धर्मोपदेशकासारखा गायचा. आणि ते त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं, ब्रेक निकामी झालेल्या ट्रकचं, जे ऐकून ऑस्ट्रेलियातल्या दारूच्या गुत्त्यांत खुर्च्या उडायच्या, ते आमच्याकडे इतकं धीरगंभीर वाजायचं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. इंग्रजी कुणाला नीट कळत नव्हती. कुणीतरी उतारावरून खाली चाललंय आणि आता परत येणार नाही, एवढा अर्थ लागला. आमच्या चर्चच्या ब्रास बँडने ते मयतीला वाजवायला घेतलं. गावातल्या किती जणांना आम्ही त्या ट्रकच्या गाण्यावर पोहोचवलं असेल, देवच जाणे. पुढे पोरांच्या फोनवर ते गाणं खऱ्या वेगात आलं, तेव्हा गावाने एकदा ऐकलं, कुणीतरी ते बिघडवलंय असा निकाल दिला आणि बंद करायला लावलं.

सितेलिओ लहानपणी भित्रा होता. आता सहा फुटांवर गेलाय, ट्रकचं चाक एकटा उचलतो, पण तेव्हा कोंबडा अंगावर आला तरी आईच्या घागऱ्यात शिरायचा. एकदा मोठं वादळ आलं आणि सगळं गाव चर्चमध्ये जाऊन बसलं. छपराचे पत्रे खडखडत होते आणि हा बाकाखाली घुसून रडत होता. तोआकासेआत्या आली, त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. आत्याने भाच्यासाठी जमिनीवर बसणं म्हणजे आमच्याकडे उलटंच. तिने त्याच्या हातात जळणातली दोन लाकडं दिली आणि सांगितलं की सितेलिओ वादळाला घाबरत नसतो, तो त्याला ताल धरायला लावतो. पोराने बाकावर ठोकायला सुरुवात केली. पहाटे वादळ ओसरलं. बाकाचे टवके उडाले होते आणि पोराच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

तेव्हापासून तो ड्रम वाजवू लागला. ब्रास बँडचा मोठा ढोल त्याच्या गळ्यात पडला तो आजतागायत. आणि वाजवतो कसा म्हणाल, तर त्याच्या हाताखाली मेलेलं माणूससुद्धा उठून बसेल असं वाटतं. त्याचे भाऊ मात्र आपापल्या नावाला जागले नाहीत. ताकीला गाता येत नाही, कालाइवे ब्रिस्बेनला निघून गेला, आणि पेलीने गिटार एकदा हातात घेतली ती आपल्या दुकानाच्या दाराला अडसर म्हणून. आत्याचा सगळा जीव त्या चौथ्यावर. दर रविवारी चर्चनंतर ती त्याला बोलावून घ्यायची आणि बजावायची, "फार मोठ्या माणसाचं नाव आहे तुझ्याकडे. सांभाळून वापर."

आणि तो सांभाळून वापरत होताही. मग एक दिवस तो नेइआफूला, आमच्या बंदराच्या शहरात, गेला. मिसरूड नुकतं फुटलं होतं. बंदरासमोर विजेच्या सामानाचं नवीन दुकान निघालं होतं, त्याच्या काचेत पाहतो तर काय, प्रत्येक खोक्यावर त्याचं नाव. मोठ्या खोक्यावर, छोट्या खोक्यावर, खोक्याच्या बाजूलाही. त्याची छाती अशी फुगली. आपल्या नावाचा माणूस केवढा मोठा, की जगभरच्या कारखान्यांनी त्याचं नाव छापावं! तो आत गेला आणि दुकानदाराला अदबीने म्हणाला की मीसुद्धा स्टीरिओ.

दुकानदाराने हसून हसून गल्ल्यावर डोकं टेकलं. मग त्याने त्याला समजावून सांगितलं: हे माणसाचं नाव नव्हे, दोन्ही बाजूंनी आवाज येतो त्याला तसं म्हणतात.

सितेलिओ घरापर्यंत चालत आला. रस्त्यात ताकीचा ट्रक थांबला तरी चढला नाही. त्याला स्वतःचं एवढं काही वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते आत्याचं. ज्या बाईचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नाही, जी मयतीला सगळ्यांच्या वर, मानाच्या जागी बसते, तिने एका पोराला रेडिओच्या खोक्याचं नाव दिलं, आणि तेसुद्धा इतक्या मायेने. तिला हे कळलं तर ती काय करेल याचा विचारच त्याला करवेना. त्याने ठरवून टाकलं की आत्याला हे कधीही कळू द्यायचं नाही. जगाला कळलं तर कळो.

आणि जगाला कळलंच. हळूहळू सगळ्या गावाला कळलं, पण तोआकासेसमोर सगळे मूग गिळून गप्प. तिच्या पाठीमागे मात्र थट्टेला ऊत यायचा. पेली तर सख्खा भाऊ, पण दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "याला नुसतं बोलावू नका, दोन्हीकडून बोलवा." कुणी विचारायचं बॅटरी घालून आलास का, कुणी म्हणायचं जरा आवाज बारीक कर. सितेलिओ हसून सोडून द्यायचा. माणूस मुळात गरीब स्वभावाचा, आणि ढोल वाजवणाऱ्याला राग काढायला दुसरी सोय असते.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग जहाजाची बातमी आली.

हल्ली म्हाताऱ्या बँडांना जहाजावर घालून समुद्रात फिरवतात. सोबत त्यांचे म्हातारे चाहते. दिवसा बेटं बघायची आणि संध्याकाळी डेकवर माना हलवायच्या. तसंच एक जहाज आयर्न एमूला घेऊन नेइआफूला येणार, दिवसभर थांबणार आणि धक्क्यावर स्वागताला आमचा ब्रास बँड हवा असा निरोप आला. गाव हर्षाने वेडं झालं. एकट्या सितेलिओला हे जहाज नको होतं.

कारण तोआकासेआत्याने निरोप ऐकल्या दिवसापासून चटई विणायला घेतली होती. साधीसुधी नव्हे, राजघराण्याच्या लग्नात द्यावी तशी बारीक विणीची, कडेला लाल पिसं. बोटं वाकडी झाली होती तरी बाई उजाडताच बसायची. कुणासाठी म्हणून विचारलं की म्हणायची, स्टीरिओसाठी. तिघांना ती झाडाची साल कुटून करतात त्या तापा कापडाचा लुगड्याएवढा तुकडा देणार होती, आणि चटई चौथ्याला. मोठ्या माणसाने स्वतःचं नाव आपल्या पोराला वापरू दिलं, इतकी वर्षं एका शब्दाने हरकत घेतली नाही, त्याची ही परतफेड.

सितेलिओने हरतऱ्हेने टाळायचा प्रयत्न केला. आत्याला सांगून पाहिलं की धक्क्यावर ऊन फार. तिने छत्री दाखवली. गर्दी फार, तर म्हणाली गर्दी बाजूला होईल. चौथा माणूस कदाचित येणार नाही, आजारी आहे म्हणतात, असं म्हणून बघितलं, तर ती त्याच्यासाठी कडू पाल्याचा काढा उकळायला लागली. शेवटी पाचावर धारण बसलेला सितेलिओ पेलीच्या दुकानात गेला आणि म्हणाला की तू आजवर माझी जेवढी थट्टा केलीस तेवढी आता मदत कर. पेलीलाही आत्याची भीती होतीच. दोघांनी मिळून बेत केला.

जहाज आलं त्या दिवशी हे दोघे धक्क्याच्या टोकाला सगळ्यांच्या आधी जाऊन उभे. छोट्या बोटीतून आधी चाहते उतरले. काळे बनियन, पांढऱ्या शेंड्या, गुडघ्यांना पट्टे. मग ते चौघे. केस गेले होते, पोटं आली होती, पण चेहरे तेच, डुक्कर अजून सापडलेलं नव्हतं. पेलीने काठ्यावाल्याला हळूच बाजूला घेतलं. त्याचं खरं नाव निघालं मर्व्हिन. पेलीने आपल्या दुकानी इंग्रजीत सगळी कहाणी सांगितली: कॅसेट, लेबल, आत्या, खोकी. सितेलिओ शेजारी मान खाली घालून उभा. आजचा एक दिवस तुम्ही स्टीरिओ व्हा, एवढीच विनंती होती.

मर्व्हिनची हसून मुरकुंडी वळली, त्याला दोर बांधायच्या खुंटावर बसावं लागलं. डोळे पुसून तो म्हणाला, "होतो की. माझी बायको मला याहून वाईट नावं ठेवते." मग त्याने सितेलिओला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं की तू पण वाजवतोस का. सितेलिओ म्हणाला, थोडंफार.

धक्क्यावर सगळं गाव मानाच्या प्रसंगी गुंडाळतात तशा कमरेला चटया गुंडाळून बसलं होतं. मध्ये खुर्ची, खुर्चीवर तोआकासेआत्या, तिच्यावर छत्री. पाहुणे जवळ आले तशा सगळ्या गावाने एमूच्या माना उभारल्या, आज्या, पोरं, पाद्री, सगळ्यांनी. चाहते थबकले. मग त्यांनीही उभारल्या. त्यातली एक जाडजूड बाई तिथेच रडायला लागली.

ओळखी झाल्या. डगने ताकीला मिठी मारली आणि विचारलं की गातोस ना. ताकी म्हणाला रोज, आणि देवाने त्याला क्षमा करावी. क्लाइव्हला त्याच्या नावाचा माणूस ब्रिस्बेनला असतो असं कळलं, तर निघालं की दोघे एकाच वस्तीत राहतात. बॅरी आणि पेली पोटाला पोट लावून उभे राहिले, जुळे शोभले असते. मग मर्व्हिन पुढे आला, आत्यापुढे वाकला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "स्टीरिओ." बाकीचे तिघे खोकायला लागले. आत्याने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आमच्या रीतीप्रमाणे आपलं नाक त्याच्या गालाला लावून श्वास घेतला आणि चटई त्याच्या हातांवर ठेवली. तिचे डोळे भरून आले होते. सितेलिओचेही आले, पण ते सुटकेने.

इथे थांबलं असतं तर सगळं गोड झालं असतं. पण आत्या पेलीला म्हणाली, त्याला वाजवायला सांग.

ब्रास बँड तयारच होता. मर्व्हिनला सितेलिओच्या जागेवर बसवलं, पाहुण्यांनी आपल्या गिटारी काढल्या आणि गाणं ठरलं ते ट्रकचंच, दुसरं कुठलं? मर्व्हिनने काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि सुटला. सुटला म्हणजे काय, त्याच्यासाठी तो नेहमीचाच वेग होता, अख्ख्या जगाला ठाऊक असलेला. पण आमचे तुतारीवाले जन्मभर ते गाणं प्रेतामागून चालत वाजवत आलेले. ते पहिल्या वळणावर असताना मर्व्हिन उताराच्या तळाशी पोहोचला होता. कुणी धावून गाठायला बघत होतं, कुणी सोडून दिलं, सर्वांत मोठं वाद्य फुंकणारा पाओंगो लालबुंद होऊन खालीच बसला. डग किंचाळत होता. गावातली कुत्री पळाली. चाहते आनंदाने उड्या मारत होते आणि आमचं गाव तोंडावर हात धरून बसलं होतं.

तोआकासेआत्याने छत्री मिटली आणि जमिनीवर आपटली. सगळं थांबलं.

"हा सितेलिओ नव्हे," ती म्हणाली. "सितेलिओला कसलीही घाई नसते. मी त्याला कितीतरी वर्षं ऐकतेय. हा कुणीतरी भलताच आहे. चटई परत घ्या त्याच्याकडून."

दिलेली चटई भर धक्क्यावर परत मागायची, असं आमच्याकडे कधी झालेलं नाही. पाद्रींनी डोळे मिटले. पेली भाषांतर करायचं सोडून बुटांकडे बघत राहिला. मर्व्हिन चटई छातीशी धरून उभा, बिचाऱ्याला काय चुकलं हेच कळेना, आणि चाहत्यांमध्ये कुजबुज सुरू झालेली. सितेलिओने त्याच्याकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्याचा काय गुन्हा होता? एका अनोळखी माणसाची लाज राखायला तो भलत्या नावाला ओ देऊन बसला होता, आणि आता सगळ्यांसमोर तोतया ठरत होता. हे सितेलिओला बघवलं नाही. तो पुढे गेला आणि आत्याच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला.

"आत्या, ती चटई राहू द्या त्यांच्याकडे. ते खरेच, फोटोतलेच आहेत. खोटं मी बोलायला लावलं."

"काय खोटं?"

"ते सितेलिओ नाहीत. त्यांचं नाव वेगळंच आहे. सितेलिओ हा रेडिओच्या खोक्यावर लिहितात तो शब्द आहे, दोन्ही बाजूंनी आवाज येतो त्याचा. लेबलाखाली खरं नाव गेलं आणि तो शब्द राहिला." एवढं बोलला तसं त्याने उरलेलंही सांगून टाकलं. "सितेलिओ नावाचा माणूस कधी नव्हताच, आत्या. जगात कुठेच नाही."

इतकी वर्षं पाठीमागे हसलेले सगळे आता माना घालून होते, आणि पेलीच्या डोळ्यांतून तर चक्क पाणी वाहत होतं.

तोआकासेआत्याने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, उन्हात फार वेळ राहिल्याने याचं डोकं फिरलं की काय अशा काळजीने.

"जगात कुठेच नाही?" ती म्हणाली. "मग तू कोण आहेस रे?"

सहा फुटांचा तो गडी आत्याच्या पायांशी लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, पुरे झालं, पाहुणे ताटकळलेत, वाजव.

तो उठला, ढोलापाशी गेला. मर्व्हिनने काठ्या पुढे केल्या आणि स्वतः बाजूला झाला. सितेलिओने ठेका धरला. आमचा ठेका, आत्याच्या टेपचा, सावकाश. पाओंगो उठला, तुताऱ्या एकेक करून आत आल्या आणि तो ट्रक उतारावरून असा निघाला की त्यात बसलेल्याला दोन्हीकडचं सगळं नीट बघून घेता यावं. बायकांनी चार सुरांत गाणं उचललं. चाहत्यांनी टोप्या काढल्या. गिटारी आधी चाचपडल्या, मग जुळल्या, आणि डग, जो इतका वेळ धापा टाकत होता, तो किंचाळायचं सोडून चक्क गायला लागला. गाणं संपल्यावर तो पेलीला म्हणाला की या वेगात आम्ही आणखी वीस वर्षं काढू शकू, हे आधी कुणी का सांगितलं नाही. मर्व्हिन सितेलिओच्या हातांकडे बघत राहिला होता.

जेवणं झाली. दगडांवर भाजलेलं डुक्कर, नारळाच्या दुधातला पाला, रताळी. पाहुणे तट्ट फुगले. बोटीत चढण्याआधी मर्व्हिन पेलीला घेऊन आत्याकडे आला. त्याने चटई नीट घडी घालून पुढे केली आणि सांगितलं की मी हिचा मानकरी नाही, माझं नाव मर्व्हिन.

आत्याने ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. मेलेविनी. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू मऊ झाला आणि तिने पेलीला विचारलं की हे याला दिलं कुणी. पेलीने विचारून सांगितलं: त्याच्या बापाने, दवाखान्यातल्या एका नर्सच्या सांगण्यावरून, घाईघाईत.

"अरेरे," तोआकासेआत्या म्हणाली. "आत्या नव्हती वाटतं बिचाऱ्याला."

तिने चटई परत त्याच्या हातांत दिली, छत्री उघडली आणि सितेलिओला ट्रक घेऊन यायला सांगितलं.